डायलिसिसच्या अलीकडची वीस वर्षं



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांचे बरेच विद्यार्थी आज समोर बसले आहेत आणि त्यांतले बहुतेक पन्नाशी ओलांडलेले आहेत. विषय निवडताना मी हे लक्षात ठेवलं. मूत्रपिंडाच्या आजाराबद्दल बोलणं निघालं की गाडी थेट डायलिसिसवर आणि प्रत्यारोपणावर जाते. माणूस यंत्राला जोडला जाण्याआधीच्या पंधरा-वीस वर्षांत काय घडत असतं आणि त्या काळात आपल्यासारख्या देशाला काय करता येतं, याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. आज मी मुख्यतः तेच बोलणार आहे.

सुरुवात मात्र एका डायलिसिसच्या रुग्णापासूनच करते. 1975च्या नोव्हेंबरात जयप्रकाश नारायण ऊर्फ जेपी यांना मुंबईच्या जसलोक रुग्णालयात आणलं गेलं. आणीबाणीत जूनमध्ये त्यांना अटक झाली होती. चंडीगडला स्थानबद्धतेत असताना प्रकृती ढासळत गेली आणि पॅरोलवर सुटका झाली तेव्हा दोन्ही मूत्रपिंडं कायमची निकामी झालेली होती. 8 ऑक्टोबर 1979ला पाटण्यात त्यांचं निधन झालं. मधली जवळजवळ चार वर्षं ते डायलिसिसवर जगले. विरोधी पक्षांना एकत्र आणणं, 1977ची निवडणूक, जनता पक्षाचं सरकार, हे सगळं यंत्राच्या ठरलेल्या दिवसांना बांधलेल्या एका वृद्ध माणसानं केलं. त्यांच्या यंत्रासाठी लोकांनी वर्गणी काढली. ‘डायलिसिस’ हा शब्द मराठी घरांत पहिल्यांदा पोचला तो बहुधा जेपींच्या बातम्यांतून.

जसलोकमध्ये त्यांच्यावर उपचार करणारे मूत्रपिंडतज्ज्ञ होते डॉ. एम. के. मणी. पुढे ते चेन्नईला गेले, मोठ्या खासगी रुग्णालयात काम करू लागले, 1991 साली पद्मभूषण झाले. जेपींचे डॉक्टर ही त्यांची ओळख कायम राहिली. पण माझ्या दृष्टीनं त्यांचं सर्वांत मोठं काम वेगळंच आहे, आणि ते आपल्याकडे फार थोड्यांना माहीत आहे. त्याकडे येण्याआधी थोडं गणित करावं लागेल, कारण मणींनीही आधी गणितच केलं होतं.

29 फेब्रुवारी 2016 रोजी अरुण जेटली यांनी लोकसभेत अर्थसंकल्प मांडताना राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर केला. त्या भाषणात त्यांनी सांगितलं की देशात दरवर्षी सुमारे 2 लाख 20 हजार लोकांची मूत्रपिंडं शेवटच्या टप्प्याला पोचतात आणि त्यामुळे दरवर्षी 3 कोटी 40 लाख डायलिसिसची नवी गरज निर्माण होते. एका वेळचा खर्च सुमारे 2000 रुपये, म्हणजे वर्षाला माणशी तीन लाखांच्या वर. आता हा 3 कोटी 40 लाखांचा आकडा आला कुठून? आठवड्यातून तीन वेळा, वर्षाचे 52 आठवडे, म्हणजे एका रुग्णाला 156 वेळा. त्याला 2 लाख 20 हजारांनी गुणलं की तो आकडा येतो. पण हे झालं एका वर्षाचं. पहिल्या वर्षीचे सगळे रुग्ण नीट जगले, आणि आपल्याला हवं आहे ते तेच, तर दुसऱ्या वर्षी गरज दुप्पट होते आणि तिसऱ्या वर्षी तिप्पट. आपल्याइतकं उत्पन्न असलेल्या कुठल्याही देशाला हा भार नुसत्या यंत्रांच्या जोरावर पेलता आलेला नाही. आजवर आपल्याकडे हे गणित जुळत आलं ते रुग्ण लवकर मरत आले म्हणून. हे वाक्य कठोर आहे, पण ते खरं आहे.

त्यात पाणी आलंच. डायलिसिसच्या चार तासांत एका रुग्णासाठी साधारण 120 लिटर अतिशुद्ध पाणी लागतं. वर्षाचे 18 हजार लिटरच्या वर झाले, आणि शुद्धीकरणात वाया जातं ते आणखी वेगळं. 2016च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. त्या उन्हाळ्यात ज्यांचं आयुष्य या पाण्यावर अवलंबून होतं त्यांची काय घालमेल झाली असेल याचा विचार करा.

कुणी असं समजू नये की मी डायलिसिसच्या योजनांना नावं ठेवते आहे. राष्ट्रीय कार्यक्रमाची केंद्रं आज देशात दीड हजारांच्या वर आहेत, सातशेहून अधिक जिल्ह्यांत ती पोचली आहेत. महाराष्ट्रात 2012 साली आठ जिल्ह्यांत सुरू झालेली जीवनदायी योजना पुढे महात्मा फुले जन आरोग्य योजना झाली आणि तिच्यामुळे ज्यांना पूर्वी शेत विकावं लागलं असतं अशी हजारो माणसं आज उपचार घेत आहेत. पंधरा-वीस वर्षांपूर्वी जिल्ह्याच्या गावी डायलिसिस म्हटलं की लोक मुंबई-पुण्याचं नाव काढत. हा बदल मोठा आहे. पण यंत्र फुकट मिळालं म्हणजे उपचार फुकट होत नाही. आठवड्यातून तीनदा एसटीचं भाडं, सोबत येणाऱ्याची बुडालेली मजुरी, रक्त वाढवण्याची इंजेक्शनं, हातावर फिस्टुला, म्हणजे डायलिसिससाठीची रक्तवाहिन्यांची जोडणी, करून घेण्यासाठी मारलेल्या चकरा, हे सगळं घरच्यांच्या खिशातून जातं. म्हणून तीनदा सांगितलेलं डायलिसिस दोनदा होतं, मग ‘या आठवड्यात एकदाच जाऊ’ असं होतं. 2020च्या टाळेबंदीत एसटी थांबली तेव्हा किती जणांच्या पाळ्या चुकल्या हे प्रत्येक केंद्रातल्या तंत्रज्ञाला आठवत असेल.

आता मी तुम्हाला या सगळ्या विषयातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा आकडा सांगते. भारतातल्या मूत्रपिंडतज्ज्ञांनी मिळून दीर्घकालीन मूत्रपिंडविकाराची एक राष्ट्रीय नोंदवही ठेवली. नडियादच्या डॉ. मोहन राजापूरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2012 साली तिचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यात 52 हजारांहून अधिक रुग्णांची माहिती होती. त्यांतले 48 टक्के रुग्ण तज्ज्ञासमोर पहिल्यांदा आले ते पाचव्या, म्हणजे शेवटच्या टप्प्यात. निम्मी माणसं! ज्या डॉक्टरकडे मूत्रपिंड वाचवायला जायचं, त्याच्याकडे ती पहिल्यांदा पोचली तेव्हा वाचवण्यासारखं काही उरलेलंच नव्हतं. त्याच अहवालात कारणंही आहेत. सर्वांत पुढे मधुमेह, सुमारे 31 टक्के. उच्च रक्तदाब 13 टक्के. आणि 16 टक्क्यांत कारण कळलंच नाही, कारण इतक्या उशिरा आलेल्या सुकलेल्या मूत्रपिंडावरून ते कळतही नाही.

इतका उशीर का होतो? मूत्रपिंड दुखत नाही, हे पहिलं कारण. पाठीत दुखलं की लोक ‘किडनीचं काहीतरी’ म्हणतात, पण ते बहुतेक वेळा स्नायूंचं किंवा मणक्याचं असतं. खरा आजार गुपचूप वाढतो. पायावर सूज, मळमळ, भूक मरणं, अंगाला खाज, धाप, ही लक्षणं दिसेपर्यंत बहुतेक काम संपलेलं असतं. रक्तातलं क्रिएटिनिनसुद्धा उशिरा बोलतं. निम्मी कार्यक्षमता गेली तरी अहवालावर आकडा ‘नॉर्मल’च्या रकान्यात असू शकतो. म्हणून त्या आकड्यावरून, वय लक्षात घेऊन, गाळण्याचा वेग काढायला हवा. आणि त्याच्याही वर्षानुवर्षं आधी धोक्याची खूण दिसते ती लघवीत. मूत्रपिंडाची चाळणी झिजू लागली की अल्ब्युमिन हे प्रथिन तिच्यातून निसटायला लागतं. मधुमेह झालेल्या माणसात ही गळती सुरू होण्यापासून यंत्रापर्यंत पोचायला सहसा दहा-पंधरा वर्षं जातात. मधुमेहाच्या सुरुवातीपासून मोजली तर वीसही होतात. या सगळ्या काळात रक्तदाब आणि साखर आटोक्यात ठेवली, योग्य गोळी दिली, तर बऱ्याच जणांची वाट लांबते आणि काहींना यंत्राची गरजच पडत नाही.

आता पुन्हा मणींकडे येऊ. त्यांच्या लक्षात आलं की ज्यांना उपचार परवडतो अशा प्रत्येक रुग्णामागे कितीतरी जण घरी जाऊन मरतात. 1990च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी किडनी हेल्प ट्रस्टच्या मदतीनं चेन्नईजवळच्या खेड्यांत, सुमारे 25 हजार लोकवस्तीत, एक काम सुरू केलं. त्यासाठी रुग्णालय बांधलं नाही, तज्ज्ञ नेमले नाहीत. गावातल्याच शिकलेल्या मुलींना तयार केलं. त्यांनी घरोघर जायचं, ठरलेले प्रश्न विचारायचे, रक्तदाब मोजायचा आणि लघवीत प्रथिन आणि साखर आहे का ते साध्या रसायनानं तपासायचं. शाळेच्या प्रयोगशाळेत करतो तसली ही तपासणी. ज्यांच्यात काही आढळलं त्यांना डॉक्टर तपासत आणि गोळ्या देत. गोळ्याही त्या काळी सर्वांत स्वस्त असलेल्या, जुन्या, मोठ्या शहरातल्या डॉक्टरांनी लिहिणं सोडून दिलेल्या. रक्तदाबासाठी रेसरपिन, थायझाइड, हायड्रॅलझिन. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन आणि ग्लिबेनक्लामाइड. महिन्याच्या महिन्याला त्याच मुली घरी जाऊन गोळ्या पोचवत आणि दाब पुन्हा मोजत.

निकाल त्यांनी जागतिक नियतकालिकात प्रसिद्ध केले. उच्च रक्तदाबाच्या नव्वद टक्क्यांहून अधिक रुग्णांचा दाब 140/90च्या खाली आला. मधुमेहींतल्या निम्म्यांची साखर आटोक्यात आली. रक्तदाबाचं इतकं नियंत्रण श्रीमंत देशांतल्या रुग्णालयांनाही सहसा साधत नाही. आणि सगळ्या वस्तीवर विभागला तर खर्च वर्षाला माणशी अर्ध्या डॉलरहून कमी. एका माणसाच्या एका वर्षाच्या डायलिसिसच्या पैशात किती हजार लोकांची तपासणी आणि औषधं होतील याचा हिशेब तुम्हीच करा.

मला या कामाबद्दल विशेष आदर वाटतो तो त्या मुलींमुळे. रक्तदाबाचा रुग्ण दवाखान्यात का येत नाही, हे आपण नेहमी विचारतो. त्याला काही होत नसतं, म्हणून तो येत नाही. काहीच होत नसलेल्या माणसानं रोजगार बुडवून रांगेत उभं राहावं ही अपेक्षाच चुकीची आहे. मणींनी दवाखाना त्याच्या दारात नेला.

महाराष्ट्रात हे होऊ शकत नाही असं कुणी म्हणू नये. भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम सुरू झाला तेव्हा आपल्याकडचे भंडारा, वर्धा, सातारा आणि सिंधुदुर्ग हे जिल्हे पहिल्या टप्प्यात होते. तिथं काही थोर संशोधन झालं नाही. सगळ्या डॉक्टरांनी एकाच ठरलेल्या क्रमानं औषध वाढवायचं, सरकारी गोळ्या महिनाभराच्या एकदम द्यायच्या, पुढच्या गोळ्या जवळच्या उपकेंद्रात मिळतील अशी सोय करायची आणि जो आला नाही त्याला फोन करायचा. एवढ्यानं नियंत्रणाचं प्रमाण वाढलं. जिथं गोळ्या पंधरा दिवसांच्या मिळतात, दर वेळी वेगळ्या नावाच्या मिळतात, कधी मिळतच नाहीत, तिथं रुग्ण सुटतो.

मग कमी काय आहे? रक्तदाब आणि मधुमेहाची तपासणी गावात पोचली. आशाताई तिशीच्या पुढच्या प्रत्येकाचा अर्ज भरतात, आयुष्मान आरोग्य मंदिरात दाब आणि साखर मोजली जाते. 2023च्या नव्या मार्गदर्शक सूचनांनी राष्ट्रीय असंसर्गजन्य रोग कार्यक्रमात दीर्घकालीन मूत्रपिंडविकाराचाही समावेश केला. कागदावर ही फार चांगली गोष्ट झाली. प्रत्यक्षात मधुमेहाच्या रुग्णाची साखर दहादा मोजली जाते आणि लघवी एकदाही तपासली जात नाही, हे मी रोज पाहते. पंधरा वर्षं मधुमेह असलेला माणूस येतो, फाइल जाडजूड असते आणि तिच्यात अल्ब्युमिनचा एकही अहवाल नसतो. आयसीएमआरच्या 2023 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात मधुमेही आहेत 10 कोटी 10 लाख. या प्रत्येकाची लघवी आणि क्रिएटिनिन वर्षातून एकदा तपासलं जावं, एवढीच माझी पहिली मागणी आहे.

आणि आता सापडलेल्याला देण्यासारखं आपल्याकडे पूर्वीपेक्षा जास्त आहे. 1993 साली कॅप्टोप्रिल या गोळीनं मधुमेहींचं मूत्रपिंड अधिक काळ टिकतं हे सिद्ध झालं होतं. त्याच धर्तीच्या पुढच्या गोळ्या सोडल्या, तर त्यानंतर जवळजवळ पंचवीस वर्षं या क्षेत्रात मोठं काही हाती लागलं नाही. मग 2019 आणि 2020 साली, मधुमेहासाठी म्हणून आलेल्या नव्या गटातल्या गोळ्यांनी मूत्रपिंडालाही मोठं संरक्षण मिळतं, असं दाखवणारे दोन मोठे प्रयोग पूर्ण झाले. त्यांतल्या डापाग्लिफ्लोझिन या गोळीच्या प्रयोगात मूत्रपिंड निकामी होण्याचा आणि तत्सम गंभीर घटनांचा धोका जवळपास 40 टक्क्यांनी कमी झाला, आणि तोही मधुमेह नसलेल्या रुग्णांसह. भारतात या औषधाचं पेटंट 2020 साली संपलं, त्याच गटातल्या एम्पाग्लिफ्लोझिनचं मार्च 2025मध्ये. साठ रुपयांच्या घरातली गोळी आज देशी कंपन्यांकडून दहा-पंधरा रुपयांच्या आत मिळते. ती जिल्हा रुग्णालयाच्याच कपाटात न राहता प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळाली पाहिजे.

इथं एका समजुतीबद्दल बोललंच पाहिजे, कारण तिच्यापायी मी माणसं गमावलेली पाहिली आहेत. ‘बीपीच्या गोळ्या फार दिवस घेतल्या की किडनी जाते.’ हे वाक्य मी शिकलेल्या, न शिकलेल्या, सगळ्यांच्या तोंडून ऐकते. याच्या अगदी उलट खरं आहे. मूत्रपिंड जातं ते न घेतलेल्या गोळीमुळे, वर्षानुवर्षं चढलेल्या दाबामुळे. आणि हीच माणसं गुडघे दुखले, अंग दुखलं की औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामक गोळी आणून महिनोन्‌महिने खातात. आपल्या आकाशातली गिधाडं कशानं संपली हे तुम्हाला ठाऊक असेल. याच डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन दिलेल्या गुरांचं मांस खाऊन त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली. 2004 साली हे उघड झालं आणि 2006 साली गुरांसाठी त्याचा वापर बंद करण्यात आला. माणसाचं मूत्रपिंड गिधाडापेक्षा कितीतरी जास्त सोसतं. पण वय झालेल्या, मधुमेह असलेल्या, उन्हात राबून अंगातलं पाणी कमी झालेल्या माणसाचं नाही सोसत. जडीबुटीच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या पुड्यांबद्दलही हेच. काहींत शिसं असतं, पारा असतो, काहींत तर स्टिरॉइड मिसळलेलं असतं.

औषधाच्या भेसळीचं दुःख तर आपल्या राज्यानं सोसलेलं आहे. 1986 साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरॉलमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन गेल्यामुळे 14 रुग्ण दगावले. मूत्रपिंडं निकामी होऊन ते गेले. न्यायमूर्ती लेंटिन आयोगानं त्या प्रकरणात औषध नियंत्रणाची यंत्रणा किती पोखरलेली आहे ते उघड केलं. त्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी, 2025 साली, मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याची लहान मुलं त्याच रसायनानं भरलेल्या खोकल्याच्या औषधामुळे दगावली. त्यांतल्या अनेकांना उपचारांसाठी नागपूरला आणलं होतं. मूत्रपिंडाचा आजार रोखण्याच्या कामात औषधाच्या कारखान्याची तपासणीही येते. प्रत्येक तुकडीची चाचणी झालीच पाहिजे.

आता अशा आजाराकडे येते ज्यात मधुमेह नाही, रक्तदाबही सुरुवातीला नसतो. आंध्र प्रदेशातल्या श्रीकाकुलम जिल्ह्यात उद्दानम नावाचा नारळ आणि काजूच्या बागांचा हिरवागार पट्टा आहे. तिथं घरोघर मूत्रपिंडाचे रुग्ण आहेत, शेतात राबणारे, चाळिशी-पन्नाशीचे. श्रीलंकेच्या उत्तर-मध्य प्रांतात भातशेती करणाऱ्यांत हेच दिसतं. मध्य अमेरिकेत, एल साल्वादोर आणि निकाराग्वाच्या ऊस पिकवणाऱ्या भागांत, ऊस तोडणारे तरुण याच आजारानं गेले. कारणाबद्दल शास्त्रज्ञांत अजून एकमत नाही. उन्हात पाणी न पिता राबणं, पाण्यातले क्षार आणि धातू, कीटकनाशकं, या सगळ्यांवर संशय आहे.

आपल्याकडचा खारपाणपट्टा याच यादीत बसतो का, हा प्रश्न मला सतावतो. अकोला, अमरावती, बुलढाणा जिल्ह्यांतलं पूर्णा नदीचं खोरं. तिथल्या विहिरी-बोअरचं पाणी पिढ्यानपिढ्या खारं. तिथली माणसं किडनीच्या आजाराचं खापर सरळ पाण्यावर फोडतात आणि गावोगावी मेलेल्यांची नावं सांगतात. पाणी आणि आजार यांचा संबंध अजून पक्का सिद्ध झालेला नाही, हे डॉक्टर म्हणून मला सांगावंच लागेल. पण सिद्ध होण्याची वाट पाहत गोडं पाणी द्यायचं थांबवायचं, हे मला मान्य नाही. दोन्ही कामं एकाच वेळी करता येतात. आंध्रनं उद्दानमसाठी नळाच्या पाण्याची मोठी योजना केली आणि 2023च्या डिसेंबरात पलासाला 200 खाटांचं मूत्रपिंड संशोधन केंद्र आणि रुग्णालय सुरू केलं. खारपाणपट्ट्यातल्या प्रत्येक गावात प्रौढांचं क्रिएटिनिन मोजून नकाशावर मांडणं हे त्यापेक्षा कितीतरी स्वस्त काम आहे. ते झालं तर आपण निदान अंदाजानं बोलायचं थांबवू.

तसंच ऊसतोडीचं. बीड, अहिल्यानगर, जालन्याकडून दरवर्षी दसऱ्या-दिवाळीनंतर लाखो माणसं कोयता घेऊन कारखान्यांकडे निघतात. उचल घेतलेली असते, टनावर मजुरी असते, म्हणून नवरा-बायको पहाटेपासून थांबत नाहीत. बायका लघवीला जायला आडोसा नाही म्हणून पाणीच कमी पितात. आपला हंगाम मुख्यतः थंडीत असतो, त्यामुळे मध्य अमेरिकेशी सरसकट तुलना करणं योग्य नाही. पण फेब्रुवारी-मार्चचं ऊन हल्ली काय असतं हे तुम्ही जाणता. निकाराग्वात एका साखर कारखान्याच्या शेतात पाणी, विश्रांती आणि सावली एवढ्या तीन गोष्टींची शिस्त लावली आणि मजुरांच्या मूत्रपिंडांना होणारी इजा कमी झाली. आपल्या कारखान्यांना हे करायला कुठल्याही संशोधनाची गरज नाही. फडात सावलीचा तंबू, थंड पाण्याचे जार, दर दोन तासांनी थांबणं आणि बायकांसाठी फिरतं शौचालय. सहकारमहर्षींच्या नावानं चालणाऱ्या राज्यात एवढं व्हायलाच हवं.

अचानक होणारा मूत्रपिंडाचा आघात हा आणखी वेगळा विषय, तो मी थोडक्यात सांगते. जुलाब-उलट्या, घोणस चावणं, पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस. 26 जुलै 2005च्या पुरानंतर मुंबईनं तो पाहिला. यातले बहुतेक रुग्ण वेळेत पोचले तर पूर्ण बरे होतात. जुलाबात मीठ-साखरेचं पाणी आणि सर्पदंशात मांत्रिकाकडे न थांबता थेट ग्रामीण रुग्णालयातलं प्रतिविष, यांनी जितकी मूत्रपिंडं वाचतात तितकी आम्ही तज्ज्ञ आयुष्यभरात वाचवत नाही.

आणि दीर्घकालीन आजाराची सुरुवात तर जन्माच्याही आधी होते. मूत्रपिंडातले गाळण्याचे सूक्ष्म घटक, एका मूत्रपिंडात साधारण दहा लाख, सगळे जन्मापूर्वी तयार होतात. नंतर एकही नवा होत नाही. कमी वजनाचं बाळ कमी भांडवलावर आयुष्य सुरू करतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायका आणि त्यांची बाळं यांचा अभ्यास केला. आपली बाळं वजनाला हलकी असूनही अंगात चरबी तुलनेनं जास्त घेऊन जन्मतात, म्हणजे मधुमेहाची तयारी आईच्या पोटातच होते, हे त्यातून जगाला कळलं. गरोदर बाईच्या ताटात काय वाढलं जातं, ती शेवटच्या महिन्यापर्यंत शेतात खपते का, याचा पन्नास वर्षांनंतरच्या डायलिसिसच्या रांगेशी संबंध आहे.

ज्यांची मूत्रपिंडं गेलीच आहेत त्यांच्याबद्दल दोन गोष्टी. पहिली, घरी करता येणारं पोटातलं डायलिसिस. दोन लिटरच्या पिशव्या, दिवसातून तीन-चार वेळा, रुग्ण स्वतः करतो. त्याला यंत्र लागत नाही, आठवड्यातून तीनदा शहर गाठावं लागत नाही. थायलंडनं 2008 साली सरकारी योजनेत आधी हेच द्यायचं असं धोरण ठरवलं आणि दूरच्या खेड्यांपर्यंत उपचार नेला. 2022 साली तिथं रुग्णांना निवडीची मुभा दिल्यावर ओढा यंत्राकडे वळला आणि खर्च वाढला. सक्ती मला पटत नाही, पण निवड तरी असावी. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात 2019पासून याची तरतूद आहे. मेळघाट, गडचिरोली, नंदुरबारच्या रुग्णांना ते खरोखर मिळालं पाहिजे.

दुसरी गोष्ट सांगताना मला राग येतो आणि तो मी लपवणार नाही. भारतात 2023 साली साडेतेरा हजारांच्या आसपास मूत्रपिंड प्रत्यारोपणं झाली. त्यांतली बहुतेक जिवंत नातेवाइकांनी दिलेल्या मूत्रपिंडांची. मेंदूमृत दात्यांची संख्या, सगळे अवयव धरून, वर्षाला हजार-अकराशे. 1994चा अवयव प्रत्यारोपण कायदा स्वीकारणाऱ्या पहिल्या राज्यांत महाराष्ट्र होता, तरी आपणही याला अपवाद नाही. आणि देशात 1995पासूनच्या सव्वीस वर्षांत अवयव मिळालेल्यांत पाचांपैकी चार पुरुष होते. देणाऱ्यांत बायकांची संख्या मोठी. आई देते, बायको देते, बहीण देते. बाईची मूत्रपिंडं गेली की मात्र ‘आता डायलिसिस चालू आहे ना’ असं म्हणून घर थांबतं. मूत्रपिंडविकार बायकांना कमी होतो असं नाही. त्यांचा उपचार कमी होतो. मेंदूमृत दात्याचं मूत्रपिंड यादीतल्या क्रमांकानं मिळतं, तिथं घरातलं तोलमाप चालत नाही. म्हणून मृत्यूनंतरचं अवयवदान वाढवणं हा मला बायकांच्या हक्काचाही प्रश्न वाटतो.

2025च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य परिषदेनं मूत्रपिंडाच्या आरोग्यावर पहिल्यांदा स्वतंत्र ठराव केला. तो गावपातळीवर कुणी आणायचा? माझं उत्तर साधं आहे. तुमच्यापैकी ज्यांना मधुमेह आहे, रक्तदाब आहे, घरात कुणाला मूत्रपिंडाचा आजार झालेला आहे किंवा ज्यांनी साठी गाठली आहे, त्यांनी या महिन्यात दोन तपासण्या करून घ्या. सकाळच्या लघवीतलं अल्ब्युमिन आणि रक्तातलं क्रिएटिनिन. अहवालावर गाळण्याच्या वेगाचा आकडा लिहून मागा आणि तो कागद पुढच्या वर्षी तुलनेसाठी जपून ठेवा. लोणचं, पापड, फरसाण यांतलं मीठ कमी करा. बीपीची गोळी कुणाच्या सांगण्यावरून बंद करू नका. आणि जे ग्रामपंचायतीत, जिल्हा परिषदेत, साखर कारखान्याच्या संचालक मंडळात बसतात त्यांनी आपल्या उपकेंद्रात लघवी तपासायच्या पट्ट्या आहेत का, महिनाभराच्या गोळ्या मिळतात का, हे प्रत्यक्ष जाऊन पाहावं आणि नसतील तर पुढच्याच सभेत तो विषय मांडावा.